पापनिवेदनाचें पत्र कां मिळत नाहीं

दोषपत्रें व शुद्धिपत्रें आपल्याकडील जुन्या दप्तरांत सांपडतात. तेव्हां गोव्याकडील ख्रिस्ती कागदांत पापनिवेदनाचें पत्रही मिळावें, अशी अपेक्षा पारशिवनीस आलेल्या एका संग्राहकांनीं आम्हांपाशीं बोलून दाखविली. ती फोल आहे.

याज्ञवल्क्यानें दोष लोकविदित असल्यास पर्षदेच्या संमतीचें व्रत सांगितलें आहे. अविदित असल्यास रहस्यव्रत. म्हणजे गुप्त पाप गुप्तपणेंच फेडावयाचें. मनूनें ख्यापन व अनुताप हीं पापमुक्तीच्या साधनांत मोजलीं आहेत खरीं, परंतु तप, अध्ययन यांच्या जोडीला.

कॅथलिक शास्त्र येथेंच निराळें पडतें. तेथें गुप्त पापही सांगावेंच लागतें. मात्र एकट्या पाद्र्याच्या कानांत. 1215 च्या लॅटरन परिषदेनें वर्षांतून एकदां तरी निवेदन आवश्यक ठरविलें, व तें गुपित फोडणाऱ्या पाद्र्यास पदच्युत करून आजन्म मठांत ठेवण्याची शिक्षा त्याच कलमांत सांगितली. पुढें 1551 त ट्रेंट येथें पश्चात्तापी मनुष्याचीं तीन कर्में सांगितलीं गेलीं : अनुताप, निवेदन व परिमार्जन. अनुताप म्हणजे नुसती हळहळ नव्हे. केल्या पापाचा तिटकारा व पुन्हां न करण्याचा निश्चय, दोन्ही हवेत. तो ईश्वरप्रेमानें झाला तर पूर्ण. नरकभयानें झाला तर अपूर्ण, तरी संस्कारास पात्र करणारा. निवेदनांत आठवेल तें प्रत्येक घातक पाप (स्मृतींतील पंचमहापातकांशीं याची सांगड घालूं नये) प्रकारासह सांगावयाचें. एक जरी जाणूनबुजून लपविलें तरी सर्व व्यर्थ. कारण पाद्री तेथें न्यायाधीश. प्रकरण न कळतां निवाडा कसा द्यावा? आणखी एक भेद : आपल्याकडे व्रत आधीं, शुद्धि मागून, तिकडे सामान्यतः क्षमेचा उच्चार आधीं, नेमलेलें प्रायश्चित्त मागून.

अर्थात् लोकांची भाषा न जाणणारा पाद्री या आसनावर निरुपयोगीच. थॉमस स्टीफन्स 1579 त गोव्यास आला; त्याचें ख्रिस्तपुराण 1616 त व प्रश्नोत्तररूप कोंकणी धर्मबोध मरणोत्तर 1622 त रायतूर येथें छापला गेला. त्याच्याकडे केवळ कवि म्हणून पाहणारे ही निकड विसरतात, असें आम्हांस वाटतें.

सारांश, निवेदन ऐकावयाचें, लिहावयाचें नाहीं. मनुष्याचें नांव व त्याची कबुली एकत्र असलेला गोव्याचा कागद हातीं आलाच, तर तो इन्क्विझिशनचा नाहीं ना, हें प्रथम पाहावें. तें न्यायासन 1560 त स्थापन होऊन, मध्यें कांहीं वर्षें बंद राहून, 1812 त कायमचें उठलें. तेथील कबुलीस हें मुद्राबंधन नव्हतें, लेखक जवळच बसलेला असे.