जुनापाणीची शिळावर्तुळे



नागपूरहून काटोल रोडने निघालं की शहराबाहेर जुनापाणी लागतं. मागे एका रविवारी बुद्धवंदना आटोपून आपल्या विहारातली पंधरा-वीस मंडळी डबे बांधून तिकडे गेली. बसमधून उतरलो आणि माळरानातून पायी निघालो.

थोड्याच वेळात काळ्या दगडांची मोठमोठी वर्तुळं दिसू लागली. मधोमध माती व दगडगोटे भरून उंचवटा केलेला. पोरं लगेच दगडांवर चढली. त्यांना खाली उतरवलं आणि सांगितलं, बाळांनो, ही थडगी आहेत.

या परिसरात अशी सुमारे ३०० वर्तुळे आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ साली त्यांच्यावर लेख लिहिला. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने इथे उत्खनन केलं. काळी-तांबडी मडकी व लोखंडाची हत्यारं निघाली. काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत, ते आजही दिसतात. जवळच्या माहुरझरीला तर माणसासोबत घोडाही पुरलेला सापडला, तांब्याच्या अलंकारांसकट! पारशिवनी तालुक्यातल्या नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. म्हणजे हे लोक रानटी नव्हते, कारागीर होते.

आमच्यातल्या एका म्हाताऱ्या आजीने हात जोडले आणि विचारलं, "हे आपल्याच लोकायचं व्हय का?"

एक तरुण उत्साहाने म्हणाला, "होय आजी! हे नागांचे स्तूपच आहेत. इथे पंचशील ध्वज लावू."

त्याची भावना खोटी नाही. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात परमपूज्य बाबासाहेबांनी नाग लोकांची आठवण काढली होती. पण बाबासाहेबांनीच आपल्याला चिकित्सा शिकवली. हे स्तूप नव्हेत. तथागतांच्या जन्माआधीच ही दफनाची रीत विदर्भात रुजली होती. या दगडांवर ना धम्मचक्र, ना कुणाचं नाव. खरा स्तूप पाहायचा तर भंडारा जिल्ह्यात पवनीला जा. तिथे १९६९-७० मध्ये उत्खनन होऊन स्तूप उजेडात आले.

मग आपला संबंध काय? संबंध आहे. मेलेल्या माणसाच्या अवशेषांवर मातीचा उंचवटा करून मान द्यायचा, ही चाल फार जुनी. महापरिनिर्वाणानंतर तथागतांच्या अस्थींचे आठ वाटे झाले आणि त्यांवर स्तूप उभे राहिले, तेही याच चालीने. फरक एवढाच की स्तूपात हत्यारं आणि घोडे ठेवले नाहीत. लोकांनी तिथे शील आठवलं.

विदर्भात अशी कितीतरी वर्तुळे शेतीत आणि बांधकामात नाहीशी झाली. आपला इतिहास पुसला गेला म्हणून आपण दुःख करतो. मग दुसऱ्याचा इतिहास, तो आपला ठरो वा न ठरो, आपण पुसू द्यायचा का?

त्या दिवशी आम्ही ध्वज लावला नाही. पाच मिनिटं शांत उभे राहिलो, डब्यांचे कागद गोळा केले आणि परतलो. आपणही मुलाबाळांना घेऊन जरूर जा. मात्र तिथला एक दगडही हलवू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!