भेंड्या (परभणी जिल्हा)

भेंड्या : प्रतिपक्षाने उच्चारलेल्या शब्दाच्या, ग्रामनामाच्या वा पद्याच्या अंत्य वर्णापासून आरंभ होणारा दुसरा शब्द, गाव वा पद्य ठरावीक अवधीत सांगण्याचा बैठा खेळ. ज्या पक्षाची मती कुंठित होते त्याच्यावर ‘भेंडी चढते’, आणि चढलेल्या भेंड्यांवरून हारजीत ठरते. यासच अंत्याक्षरी म्हणतात. महाराष्ट्रात तो सर्वत्र खेळला जातो. परभणीकडे मात्र त्याला मराठीबरोबर उर्दूचाही शेजार लाभला.

अंत्य अक्षराची काना-मात्रा हिशेबात धरीत नाहीत आणि जोडाक्षरातील शेवटचे व्यंजन घेतात. ‘ळ’ आणि ‘ण’ यांनी मराठी शब्दाचा आरंभ होत नसल्यामुळे त्यांऐवजी अनुक्रमे ‘ल’ व ‘न’ घेण्याचा प्रघात आहे. ही सवलत नसती, तर ज्या भाषेत बाळ, माळ, काळ आणि खुद्द ‘खेळ’ हे शब्द पदोपदी भेटतात, तीत हा खेळ दोन-चार फेऱ्यांतच आटोपला असता.

शब्दसंग्रह वाढतो तो सुलभ वर्णांवर नव्हे, तर अवघड वर्णांवर. ‘क’ किंवा ‘स’ आला की कोणीही काहीही सांगून मोकळा होतो. ‘ठ’ची गोष्ट निराळी : मूठ, गाठ, काठ, पाठ अशा शब्दांनी तो समोरच्याच्या गळ्यात घालणे सोपे, पण त्याने सुरू होणारे शब्द मोजकेच, म्हणून ठसा, ठेव, ठिणगी संपल्यावर ठिगळ, ठुशी, ठोंब यांचा शोध घ्यावा लागतो, आणि ‘ढ’ आल्यावर ढग-ढोल सरताच ज्या मुलाचे घर शेतीचे असते तो ढेकूळ व ढलपी पुढे करतो, ज्या शहरी गड्याने हे शब्द कधी ऐकलेले नसतात तो अर्थ विचारतो, वाद घालतो, आणि पुढल्या डावात तेच शब्द स्वतःच्या मालकीचे म्हणून वापरतो.

इ. स. १९४८ पर्यंत परभणीचा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील दप्तराची भाषा १८८४ च्या सुमारास फारसीऐवजी उर्दू झाली होती आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. तेव्हा मोरोपंतांच्या आर्या आणि गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग मुखोद्गत असलेल्या मराठी विद्यार्थ्याच्या कानी उर्दूतील बैतबाजी, म्हणजे शेरांच्या भेंड्या, पडणे क्रमप्राप्तच होते. तीत शेराचे शेवटचे लिखित अक्षर ग्राह्य धरतात. ‘है’ हा शब्द लिपीत ‘ये’ या अक्षराने संपतो आणि असंख्य शेर ‘है’वरच थांबतात, म्हणून ‘ये’ने सुरू होणाऱ्या शेरांचा साठा ज्याच्यापाशी नाही त्याने त्या बैठकीत बसू नये, हेच बरे. मराठीतील ‘ळ’प्रमाणे उर्दूतही ‘ड़े’ने कोणताच शब्द सुरू होत नाही. पुढे चित्रपटगीतांच्या भेंड्यांनी दोन्हींना मागे सारले. त्यांत करमणूक भरपूर, शब्दलाभ बेताचा.

गावांच्या भेंड्या मुलांना विशेष प्रिय, आणि भूगोलाच्या पुस्तकापेक्षा अधिक गावे त्यांच्यामुळे ध्यानात राहतात. परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा व पालम या नऊ तालुक्यांच्या गावांत भेंड्यांच्या नियमाने जुळणारी जोडी एकच, पालम–मानवत. पुढे जायचे तर खेड्यांत उतरावेच लागते. पूर्णा तालुक्यातील ताडकळस आठवला, तर मानवत, ताडकळस, सोनपेठ अशी साखळी लागते आणि ‘ठ’ समोरच्या पक्षावर पडतो. त्याने ठाणे एकदा खर्च केलेले असले, की सोनपेठचा मारा सहसा चुकत नाही. सेनगाव–वसमत ही दुसरी एक सोयीची जोडी पूर्वी याच जिल्ह्यात होती. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा निराळा झाला, तेव्हा ती त्याच्या वाट्यास गेली. त्यामुळे जिल्ह्याची हद्द पाळून खेळणाऱ्यांना ‘व’साठी आता दुसरे गाव शोधावे लागते.