पगारातले दोनशे रुपये आणि 'फुकटे' कोण?

सीवूड्सच्या कोणत्याही सोसायटीत लाडक्या बहिणीचा विषय काढा. "आमच्या टॅक्सवर हे फुकटे पोसायचे का?" हे वाक्य ठरलेलेच. दुःख याचे की आता आपली शिकलेली, नोकरदार पोरेही तेच बोलू लागली आहेत. मित्रांनो, पगाराच्या स्लिपवर 'पी.टी.' दिसते ना? दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये. त्या व्यवसाय कराचा इतिहास एकदा वाचा.

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणाऱ्यांत आपल्याच आज्या होत्या. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर पोहोचली. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामासाठी पैसे द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असे ठरले. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. संविधानाच्या कलम ४१ मधले मार्गदर्शक तत्त्व इथे हक्क बनले. २००५ मध्ये केंद्रालाही त्याच वाटेने जावे लागले.

यात फुकट काय होते? मजुराने घाम गाळला, तेव्हा मजुरी घेतली. बंधारे, विहिरी, रस्ते झाले, त्यांचा मोठा फायदा जमीनवाल्यांना मिळाला. भूमिहीनाच्या हाती दिवसाची मजुरीच उरली. तरी 'लाभार्थी' म्हणून बोट त्याच्याकडेच!

आणि कर काय फक्त पगारदार भरतो? साबणाची वडी घेणारी घरकामगार बाईही जीएसटी भरते. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना असाच अन्याय दाखवला होता. ठराविक उत्पन्नाखाली आयकर माफ, पण शेतसारा मात्र लहानातल्या लहान शेतकऱ्यालाही चुकत नव्हता.

ज्या नवी मुंबईत बसून आपण हे बोलतो, ती तरी कशी उभी राहिली? १९७० मध्ये सरकारने सिडको काढली आणि ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. योग्य मोबदला मागणारे पाच जण जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. त्या जमिनीवरच्या फ्लॅटला 'फुकट' कोणी म्हणत नाही.

कर देणाऱ्याने हिशेब जरूर मागावा. पण तो सरकारकडे मागावा, मजुराकडे नव्हे.

जय भीम!