चिऊचं दार काऊला का उघडता येत नाही? ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगची गोष्ट

मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीकडच्या एखाद्या आयसीएसई शाळेत तुमचं मूल नववीत असेल आणि त्याने कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स हा विषय घेतला असेल, तर घरात सध्या जावाचा अभ्यास चालू असणार. एन्कॅप्सुलेशन, इन्हेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम या व्याख्या मुलं धडाधड म्हणून दाखवतात. पण प्रोग्रॅम लिहायला बसलं की मुळात क्लास कशाचा करायचा, तिथेच गाडी अडते. अशा वेळी व्याख्या बाजूला ठेवा आणि चिऊ-काऊची गोष्ट काढा.

गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं आणि तो भिजत चिऊच्या दाराशी येतो.

इथे ‘घर’ हा क्लास. (स्टेशनबाहेरचा क्लास नव्हे!) क्लास म्हणजे नुसता आराखडा. बिल्डरकडचा प्लॅन एकच असतो, त्यावरून फ्लॅट मात्र कितीही बांधता येतात. प्रत्येक घराला मालक असतो, दार असतं, हे आराखड्यात ठरलं. त्यावरून प्रत्यक्ष बांधलेलं चिऊचं घर हा ऑब्जेक्ट.

आता दाराकडे या, कारण सगळी गंमत तिथेच आहे. काऊ दार ढकलून आत शिरत नाही. तो बाहेरून विनंती करतो. चिऊ म्हणते थांब, बाळाला आंघोळ घालते. मग थांब, तीट लावते. दार कधी उघडायचं हे चिऊ ठरवते, कारण आत काय चाललंय ते तिलाच ठाऊक. आपली माहिती आपल्याच ताब्यात ठेवायची आणि बाहेरच्याने फक्त विचारायचं, हेच एन्कॅप्सुलेशन.

याने काय साधतं? बँकेच्या प्रोग्रॅमचा विचार करा. खात्यातली शिल्लक कोडच्या कुठल्याही कोपऱ्यातून थेट बदलता येत असेल, तर हिशोब चुकल्यावर हजारो ओळी धुंडाळाव्या लागतील. शिल्लक खात्याच्या ऑब्जेक्टमध्ये बंद असेल आणि ‘पैसे काढ’ या एकाच मेथडमधून कमी होत असेल, तर चूक शोधायची जागा ठरलेली. शिवाय पुरेसे पैसे आहेत का, हेही तिथेच तपासता येतं.

पुढे इन्हेरिटन्स. ‘शेणाचं घर’ आणि ‘मेणाचं घर’ हे दोन्ही ‘घर’ या क्लासचे वारस, म्हणून मालक आणि दार पुन्हा लिहायला नको. पावसाने मात्र दोघांना एकच निरोप द्यायचा: पाऊस आला. शेणाचं घर वाहून जातं, मेणाचं टिकतं. निरोप एक, वागणं वेगळं, हे पॉलिमॉर्फिझम. उद्या कोणी विटांचं घर आणलं तरी पावसाच्या कोडला हात लावावा लागत नाही.

इन्हेरिटन्सचा मोह मात्र आवरावा. मुलांना एकदा जमलं की ती सगळंच वारसाने जोडतात. लेकीकडून परतणारी म्हातारी भोपळ्यात बसते, म्हणून म्हातारी हा भोपळ्याचा प्रकार होत नाही. तिच्याकडे भोपळा आहे, एवढंच. अशा नात्याला कॉम्पोझिशन म्हणतात, आणि माझ्या मते नवशिक्यांना हे आधी शिकवायला हवं.

गोष्टीतून हे सांगणं म्हणजे पोरखेळ वाटेल. पण क्लास आणि ऑब्जेक्टची कल्पना ओस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी सिम्युला भाषेत आणली, तीच मुळी खऱ्या जगातल्या घडामोडींची नक्कल कॉम्प्युटरवर करण्यासाठी. पुढे 1970च्या दशकात ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक भाषा घडवली, तेव्हा तर ती शाळकरी मुलांनाच शिकवून पाहिली. ऑब्जेक्ट या शब्दामुळे लोकांचं लक्ष भलतीकडे गेलं, खरी कल्पना एकमेकांना निरोप पाठवण्याची होती, असं के यांनी नंतर म्हटलं. म्हणजे दाराशी उभा राहून हाका मारणारा काऊच!

घरी करून बघायचं असेल तर जावामध्ये क्लासला देवनागरीत ‘घर’ असं नावही देता येतं. त्यातलं दार प्रायव्हेट ठेवा आणि काऊच्या क्लासमधून ते थेट उघडायचा प्रयत्न करा. प्रोग्रॅम चालू व्हायच्या आधीच कंपायलर एरर दाखवेल.