भुताच्या झग्यातला मालक

अमेरिकेच्या लोककथांतले राक्षस म्हटले की न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समधला पंखवाला सैतान किंवा पश्चिमेकडच्या जंगलातला केसाळ बिगफूट आठवतो. ते करमणुकीचे राक्षस. मी लिहितो आहे ते राक्षस रात्री पांढरी चादर पांघरत आणि दिवसा जमिनीचे मालक असत.

१९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा आपण ब्लॅक पँथरचे नाव घेतले. त्या लोकांची भुते मात्र आपण तपासली नाहीत. ते काम ग्लॅडिस-मेरी फ्राय या काळ्या अभ्यासक बाईंनी १९७५ सालच्या आपल्या ग्रंथात केले. गुलामाने रात्री मळा सोडू नये, चार जणांनी एकत्र जमू नये, ही मालकाची गरज. गस्तवाले सगळीकडे पुरत नसत. मग अमक्या वाटेवर भूत आहे अशी आवई मालक नि मुकादमच उठवीत, आणि प्रसंगी स्वतःच भूत होत. गुलामांनीही उत्तर शोधले होते. गस्तीच्या वाटेवर ते रानवेली आडव्या ताणून ठेवीत. घोडा अडखळे, स्वार खाली.

गुलामी कायद्याने संपली आणि १८६५ च्या अखेरीस टेनेसीतल्या पुलास्की गावी कु क्लक्स क्लॅन जन्मली. तिचे स्वार स्वतःला युद्धात मेलेल्या सैनिकांची भुते म्हणवीत. झग्याखाली पिशवी लपवून बादलीभर पाणी रिचवायचे आणि सांगायचे, शायलोच्या रणात पडल्यापासूनचा हा पहिला घोट!

काळा माणूस अंधश्रद्ध होता म्हणून घाबरला, असे गोऱ्या इतिहासकारांनी पुढे कित्येक वर्षे लिहिले. मला हे मान्य नाही. १८७१ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे झालेल्या साक्षी तेरा खंडांत छापलेल्या आहेत. त्यांत काळे साक्षीदार हल्लेखोरांना आवाजावरून, घोड्यावरून ओळखतात, नावे घेतात. भीती होती ती चाबकाची नि बंदुकीची. १९३६-३८ मध्ये सरकारी प्रकल्पाने गुलामीतून सुटलेल्या दोन हजारांवर वृद्धांच्या मुलाखती घेतल्या. विचारणारे बहुतेक गोरे होते. गोऱ्यासमोर भुतावर विश्वास असल्याचे सांगणे हेही शहाणपण असू शकते, हे आपल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

आणखी एक राक्षस होता : 'रात्रीचे डॉक्टर'. एकट्यादुकट्या काळ्याला पकडून चिरफाडीसाठी नेणारे. मजुरांनी मळे सोडून शहरात जाऊ नये म्हणून जमीनदारांनीच ही भीती पोसली, असे फ्रायबाई म्हणतात. ते खरेच, पण कथेखाली हाडेही होती. जॉर्जियातल्या ऑगस्टा येथील वैद्यकीय महाविद्यालयाने १८५२ साली ग्रँडिसन हॅरिस हा गुलाम विकत घेतला, सीडर ग्रोव्ह या काळ्यांच्या दफनभूमीतून प्रेते उकरून आणण्यासाठी. गुलामाला अक्षर शिकवणे तिथे गुन्हा होता. याला मात्र लिहावाचायला शिकवले, मृत्यूच्या बातम्या वाचता याव्यात म्हणून! १९८९ साली त्या जुन्या इमारतीच्या तळघरात हजारो मानवी हाडे सापडली, बहुसंख्य काळ्यांची. १९९८ साली ती सीडर ग्रोव्हमध्येच पुन्हा पुरण्यात आली. हॅरिस १९११ साली वारला. त्याचेही दफन तिथेच झाले होते.