न उतरलेले वृषण : एका शस्त्रक्रियेचा इतिहास

गर्भातल्या मुलाची वृषणे प्रथम पोटात, मूत्रपिंडांजवळ तयार होतात. तिथून ती हळूहळू खाली सरकतात, जांघेतल्या वाटेने बाहेर पडतात आणि गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत अंडकोशात पोहोचतात. हा प्रवास अर्धवट राहिला, की एक किंवा दोन्ही वृषणे पोटात वा जांघेत अडकतात. क्वचित वाट चुकून गुदद्वाराच्या पुढच्या भागातही जातात. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांपैकी एक ते चार जणांत हा दोष दिसतो, अपुऱ्या दिवसांच्या मुलांत त्याहून पुष्कळ जास्त. त्यांतली बरीच वृषणे पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतात. जी उतरत नाहीत, त्यांचे काय करायचे हा प्रश्न वैद्यकाला दोनशे वर्षांहून अधिक काळ पुरला.

या प्रवासाचे पहिले नीट वर्णन लंडनमधले स्कॉटिश शल्यविशारद जॉन हंटर यांचे. ते 1762 साली त्यांचे थोरले बंधू विल्यम यांच्या ग्रंथात छापले गेले. मृत गर्भांचे विच्छेदन करून त्यांनी वृषण कोणत्या महिन्यात कुठे असते ते पाहिले आणि त्याला खालच्या दिशेने बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याला गुबरनॅक्युलम हे नाव दिले. आजही तेच नाव चालते. न उतरलेले वृषण मुळातच सदोष असते आणि म्हणूनच ते उतरत नाही, असेही हंटर यांना वाटत होते. निरीक्षण अचूक होते, पण या अनुमानाने पुढच्या काळाचे नुकसान केले. मुळातच निकामी अवयव खाली आणण्याची धडपड कशाला करायची? अनेक शल्यविशारद असे वृषण जागच्या जागी सोडून देत किंवा काढूनच टाकत.

शस्त्रक्रियेच्या आड खरी येत होती ती मात्र जखम सडण्याची भीती. ती एडिंबरामध्ये दूर झाली. जोसेफ लिस्टर यांनी तिथे कार्बोलिक ॲसिडने जखमा निर्जंतुक ठेवण्याची पद्धत रुजवली होती. 1877 साली ते लंडनला गेले आणि त्यांच्या जागी थॉमस ॲनंडेल आले. त्याच वर्षी ॲनंडेल यांनी तीन वर्षांच्या एका मुलाचे वाट चुकलेले वृषण मोकळे करून अंडकोशात आणले आणि टाक्याने तिथे पक्के केले. जखम भरली, वृषण जागेवर राहिले. यशस्वी झालेली ही पहिली शस्त्रक्रिया मानली जाते.

पुढची अडचण लांबीची होती. वृषणाच्या रक्तवाहिन्या आखूड असल्या तर ते अंडकोशापर्यंत पोहोचत नाही. शिकागोचे आर्थर डीन बेव्हन यांनी 1899 साली दाखवून दिले, की पोटातून आलेली पडद्याची पिशवी शुक्ररज्जूपासून अलग केली तर बरीच लांबी मिळते. आजच्या शस्त्रक्रियेचा पाया हाच आहे. न्यूयॉर्कचे फ्रान्झ टोरेक यांनी 1909 साली वेगळा मार्ग सांगितला: वृषण काही महिने मांडीच्या आतल्या बाजूला शिवून ठेवायचे आणि नंतर दुसऱ्या शस्त्रक्रियेत सोडवायचे. ही रीत अनेक वर्षे चालली. पायाला जखडलेल्या त्या मुलांचे हाल आज वाचतानाही अंगावर येतात, आणि ताण बसल्याने काही वृषणे आक्रसून गेली.

इतके होऊनही वृषण खाली का असावे लागते, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. ते प्राणिशास्त्रातून आले. एडिंबराचे एफ. ए. ई. क्रू यांनी 1922 साली सुचवले, की पोटातली उष्णता शुक्रजंतू बनू देत नसावी. शिकागोमध्ये कार्ल मूर यांनी ते प्रयोगाने सिद्ध केले. गिनीपिगचे निरोगी वृषण पोटात ढकलले की शुक्रजंतू तयार करणारा थर नष्ट होऊ लागे. मेंढ्याचा अंडकोश उबदार आवरणात गुंडाळला तरी तेच होई. अंडकोशाचे तापमान शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी असते आणि शुक्रजंतूंना तेवढा थंडावा लागतो. निरोगी वृषणही केवळ जागेमुळे बिघडते, हे यातून स्पष्ट झाले. हंटर यांचे अनुमान निदान पुरते खरे नव्हते.

मग शस्त्रक्रिया कोणत्या वयात करायची? पुष्कळ काळ उत्तर होते, वयात येण्याच्या सुमारास. तोवर वृषण आपोआप उतरेल अशी आशा असे. मँचेस्टरच्या शरीररचनातज्ज्ञ यूजेनिया कूपर यांनी 1929 सालीच निरनिराळ्या वयांतल्या अशा वृषणांचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले होते. वृषण जितके वर आणि मूल जितके मोठे, तितकी खराबी जास्त, असे त्यांना आढळले. या निष्कर्षाकडे तेव्हाच गांभीर्याने पाहिले असते तर कित्येक मुलांची वर्षे वाया गेली नसती. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेचे वय फार सावकाश खाली आले. जन्मानंतरच्या पहिल्याच वर्षात पुढच्या शुक्रजंतूंच्या मूळपेशी घडतात आणि अडकलेल्या वृषणात ती घडण बिघडते, हे 1970 नंतरच्या पेशीअभ्यासांनी ठसवले. आज सहा महिन्यांपर्यंत वाट पाहून दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करावी, असा सल्ला दिला जातो.

पोटात फार उंच असलेल्या वृषणांसाठी मेलबर्नचे फाउलर आणि स्टीफन्स यांनी 1959 साली मुख्य रक्तवाहिन्या कापून, शुक्रवाहिनीलगतच्या बारीक वाहिन्यांवर वृषण जगवण्याची रीत मांडली. आता ती दुर्बिणीतूनही करतात.

पितृत्वाचे आकडे एका बाजूचा आणि दोन्ही बाजूंचा दोष यांतला फरक दाखवतात. बालपणी एकाच बाजूची शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांपैकी मूल हवे असणाऱ्या सुमारे 90 टक्क्यांना अपत्य होते. हे प्रमाण इतर पुरुषांच्या जवळ जाते. दोन्ही बाजूंचा दोष असलेल्यांत ते 65 टक्क्यांच्या आसपास राहते. त्यांच्यातल्या ज्यांच्या वीर्यात शुक्रजंतूच सापडत नाहीत, त्यांच्या वृषणाचा बारीक तुकडा घेऊन त्यात शुक्रजंतू शोधता येतात. असा एकच शुक्रजंतू स्त्रीबीजात सोडण्याचे तंत्र ब्रसेल्समध्ये विकसित झाले आणि त्यातून राहिलेल्या गर्भधारणांची माहिती 1992 साली प्रसिद्ध झाली.