आडव्या पिंपाचा हिशेब

१९६४ साली माझे वडील बेळगावातील एका तेलाच्या दुकानात दिवाणजी होते. २०० लिटरचे पिंप लाकडी घोडीवर आडवे ठेवलेले असे. मालकांनी एका काठीवर सारख्या अंतरावर चार खुणा केल्या होत्या. काठी पहिल्या खुणेपर्यंत भिजली, म्हणजे ५० लिटर शिल्लक, असा हिशेब. एकदा ते तेल मापून काढले, तर ३९ लिटरच भरले. ११ लिटरची तूट अण्णांच्या नावे पडली, पगारातून कापलीही गेली. घरात त्यावर कोणी बोलले नाही.

हाच प्रश्न त्याआधी साडेतीनशे वर्षे ऑस्ट्रियातील लिंझ गावी योहानेस केप्लरला पडला होता. ग्रह लंबवर्तुळात फिरतात असे १६०९ मध्ये सांगणारा हा ज्योतिर्विद. १६१३ साली त्याने दुसरे लग्न केले आणि घरात द्राक्षमद्याची पिंपे आणली. विक्रेत्याने पिंपाच्या पोटावरील भोकातून एक गज तिरका घालून तळाच्या कडेला टेकवला आणि भिजलेल्या लांबीवरून किंमत सांगितली. पिंप बुटके की लांबोडके, याची चौकशीच नाही! केप्लरला ते खटकले.

त्यातून १६१५ साली मद्याच्या पिंपांच्या घनमापनावर त्याचा लॅटिन ग्रंथ निघाला. वस्तूचे अतिसूक्ष्म तुकडे कल्पायचे आणि त्यांची बेरीज घ्यायची, ही त्याची रीत. गोल म्हणजे केंद्राशी टोके जुळलेले असंख्य शंकू, असे त्याने मानले. आपल्या भास्कराचार्यांनीही ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’वरील स्वतःच्या भाष्यात गोलाचे घनफळ अशाच सूच्यांच्या बेरजेने काढले आहे. लायबनित्सचा कलनशास्त्रावरील पहिला लेख छापला गेला तो १६८४ साली.

केप्लरला गंमत आढळली ती पुढेच. गजाची लांबी तीच ठेवली, तर लांबी व्यासाच्या सुमारे १.४१ पट असलेल्या सरळ पिंपात सर्वांत जास्त मद्य मावते. ऑस्ट्रियातील पिंपे जवळपास याच घडणीची. शिवाय कमाल मापाच्या आसपास आकार थोडा बदलला, तरी घनफळ फारसे बदलत नाही. म्हणजे तिथला विक्रेता लबाड नव्हता. पण निराळ्या घडणीच्या पिंपात तोच गज घातला, तर तो सरळ खोटे सांगेल.

कॉलेजात संकलन शिकताना मी हे वाचले आणि दुकानातले पिंप डोळ्यांसमोर आले. आडव्या पिंपातल्या तेलाचे पातळ थर कल्पावेत. तळचे अरुंद, मधले रुंद. त्यांची बेरीज केली, तर पाव उंचीला पिंपाचा पाव भाग भरत नाही, शेकडा साडेएकोणीसच भरतो. २०० लिटरचे ३९! अर्ध्या खुणेला मात्र काठी अचूक असते, म्हणून तिचा कोणाला संशय येत नाही.

सुट्टीत घरी येऊन मी तो हिशेब अण्णांपुढे मांडला. आकृती त्यांनी बराच वेळ पाहिली.

“म्हणजे ते ११ लिटर पिंपात कधी नव्हतेच,” ते म्हणाले. मग कागदाची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली.